पट्ट्याचा कप्पा

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम उद्यावर आला तरी हॅल्वरला एकही सॅक पसंत पडेना. सहावी पाठीवर चढवून तो दुकानात येरझाऱ्या घालत होता. “आजोबा, सॅक बघताय की नवरी?” दुकानवाली डार्लीन हसली. “हिच्यावर झाडाला लावायचं घडीचं लोखंडी मचाण बांधून नेता येतं, हरणाचं मांसही मावतं. आणि झाडावर स्वतःला बांधायच्या पट्ट्यासाठी हा खास कप्पा!” चटका बसावा तशी हॅल्वरने सॅक उतरवली. “कप्पा नसलेली दाखव.” “अहो, हल्ली सगळ्यांनाच असतो.” त्याने फडताळं उचकली. शेवटी तळाशी धूळ खात पडलेली एक जुन्या धाटणीची सॅक ओढून काढली, आतबाहेर दोनदा चाचपली. “हीच.” “मग पट्टा कुठे ठेवणार?” “अंगावर. घरूनच घालून निघणार. गेल्या वर्षी भावाला कप्प्याची सॅक मीच घेऊन दिली. तो मचाणावरून पडला तेव्हा पट्टा कप्प्यातच होता, घडीसुद्धा न मोडलेला.”