पाचवं पाकीट

"आठ फेऱ्या. नववीला पाऊल उचललंत तर गाठ माझ्याशी आहे," बायकोने त्याच्या स्वेटरचं वरचं बटण लावता लावता बजावलं.

पोस्टमनने मान हलवली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणत. त्या साथीच्या तापाने फुप्फुसं खाल्ली तेव्हापासून तो घरी ऑक्सिजनच्या मशीनपाशी बांधलेला होता. मशीन बंद केलं की तासाभरात ओठ निळे पडत. ते मशीन या पुनर्वसन केंद्राचं. आज अकरा वाजता परीक्षा होती: सहा मिनिटांत किती चालता ते बघायचं. अडीचशे मीटरच्या आत राहिलात तर मशीन तुमच्याकडे. पुढे गेलात की तुम्ही बरे झालात, मशीन दुसऱ्याला. कॉरिडॉर तीस मीटरचा. बाकीचा हिशेब बायकोने रात्रीच करून ठेवला होता.

थेरपिस्ट हसरी होती. गुणी पोर, सगळे म्हणायचे. तिच्याकडे मशीनं बारा आणि भिंतीवरच्या यादीत ताटकळलेली नावं एकोणतीस.

"काका, नुसतं चालून कंटाळाल," ती म्हणाली आणि एक पाकीट पुढे केलं. "हे पलीकडच्या टोकाला, त्या खिडकीत द्यायचं आणि परत यायचं. पाच आहेत अशी."

बायको बाकावरून ताडकन उठली. "पाकिटं कशाला त्यांच्या हातात?"

"अहो काकू, तेवढंच मन रमतं."

मन कसलं रमतंय! छत्तीस वर्षं घरोघर टपाल वाटलेल्या माणसाच्या हातात पाकीट दिल्यावर त्याचे पाय बायकोचं ऐकणार आहेत थोडेच?

पहिलं पाकीट त्याने ठरल्याप्रमाणे रखडत नेलं. भिंतीला हात लावला, मध्येच थांबून कण्हलासुद्धा. बायको खूश झाली. दुसऱ्याला त्याची पाठ ताठ झाली. तिसरं त्याने काखेत धरलं आणि भिंतीवरचा हात सुटला. चौथ्याला बायको मुद्दाम खोकली, एकदा, दोनदा. त्याच्या कानापर्यंत काही पोचलं नाही.

आठ फेऱ्या झाल्या. दोनशे चाळीस मीटर. दीड मिनिट शिल्लक होतं. पोस्टमन भिंतीला टेकून धापा टाकत होता. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा एक्याऐंशीवर आला होता, पण नियमात तो आकडा नव्हता. नियमात फक्त मीटर होते.

"झालं. बसा आता," बायको म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"हो काका, बसा ना." थेरपिस्टने पाचवं पाकीट टेबलावर टाकलं. "हे राहू दे. उद्या जाईल कुणाबरोबर तरी."

पाकिटावर लाल शाईत 'तातडीचे' असं लिहिलेलं होतं.

"उद्या?" पोस्टमन म्हणाला.

"अहो, नको! तुम्हाला माझी शपथ आहे!"

त्याने पाकीट उचललं होतं. गेला. तोंड उघडं, छातीतून शिट्टी वाजत होती, तरी गेला. खिडकीशी त्याने पत्ता वर करून, दोन्ही हातांनी पाकीट आत दिलं आणि तिथल्याच खुर्चीत कोसळला.

"दोनशे सत्तर!" थेरपिस्ट ओरडली आणि टाळ्या वाजवायला लागली. तिला खरंच आनंद झाला होता. बाकांवरच्या पेशंटनीही टाळ्या वाजवल्या. यादीतल्यांनी जरा जास्तच.

खिडकीतल्या कारकुनाने पाकीट फोडून आतला कागद वाचला आणि चष्म्यावरून पोस्टमनकडे पाहिलं.

"हे तुमचंच की हो. घरचं मशीन परत आणायचा आदेश. सकाळी नऊची सही आहे." त्याने मागे वळून ड्रायव्हरला हाक मारली. "थांब रे, आणखी एक घर आहे!" मग पुन्हा पोस्टमनकडे वळला. "बरं झालं वेळेवर आणलंत, काका. गाडी निघालीच होती."

बायको धावत आली. थेरपिस्टला काय वाटेल ते बोलावं, कारकुनाची गचांडी धरावी, असं तिला झालं होतं. पण नवऱ्याचे ओठ निळे पडले होते. तिने खिडकीवरचं ते फाडलेलं पाकीट ओढून घेतलं आणि त्यानेच त्याला वारा घालायला लागली.

"काका," कारकुनाने आतून विचारलं, "पोच देऊ ना?"

पोस्टमनने सवयीने हात पुढे केला.