मागचं खुराडं

मेकाँग नदीच्या काठी न्हुंगआजीची दोन खुराडी होती. पुढच्यातल्या कोंबड्या बाजारच्या. आजार असो वा नसो, त्यांच्या खाद्यात ती रोज मूठभर अँटिबायोटिकची पूड कालवायची. मागच्या मोजक्या कोंबड्या मात्र घरच्या, निव्वळ तांदळाच्या कोंड्यावर वाढलेल्या.

"शहरवाल्यांना खाऊ देत ती औषधं," ती सुनेला डोळे मिचकावून सांगायची, "माझ्या नातवाच्या पेजेत मागचीच कोंबडी पडणार."

आज तोच नातू, खोआ, इस्पितळात तापाने फणफणला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्या रक्तातले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत, आजी. कोंबड्यांना रोज थोडं थोडं औषध मिळत राहिलं की त्यांच्यातले जंतू असे निर्ढावतात. तुमच्याकडे कोंबड्या आहेत का?"

"आहेत. पण औषधाच्या कोंबडीचा तुकडासुद्धा आमच्या घरात शिजत नाही!" आजी तडकली.

"आणि त्यांचं खाद्य कोण कालवतं?"



आजीने दोन्ही तळवे अभिमानाने पुढे केले. "मीच, या हातांनी! आणि खोआच्या पेजेत कोंबडी कुस्करते तीही याच हातांनी. सुनेला मी हात लावू देत नाही."