आर्नोची भाषा

आर्नोने ओठ घट्ट मिटले आणि सुपाचा चमचा ढकलून दिला. सूप हॅनाच्या बाहीवर सांडलं.

"आठवडाभर हेच चाललंय," हॅना ऋजुताला म्हणाली. "खात नाही, ट्यूबही घालू देत नाही. त्याला जगायचंच नाहीये गं."

आर्नो वेलिश जर्मन कवी होता. फार मोठा नव्हे. बारीकसे दोन संग्रह, तिकडच्या मासिकांत अधूनमधून चार ओळी. तरुणपणी तो नॉटिंगहॅमला जर्मन शिकवायला आला आणि मुंबईहून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली ज्यू घरातल्या हॅनाशी लग्न करून इथंच राहिला. घरात इंग्रजी, कागदावर जर्मन; हॅनाची मराठी फक्त माहेरच्या फोनवर, तेव्हा तो शेजारी बसलेला असे. कवितेचा अर्थ हॅनाने विचारला की म्हणायचा, "इंग्रजीत सांगितली की ती मरते." पुढे तिने विचारणंच सोडलं.

मग स्ट्रोक आला. उजवा हात गेला, आणि जर्मन, इंग्रजी दोन्ही गेलं. तोंडातून नुसता आवाज निघायचा.

शेजारची ऋजुता पुण्याला असताना जर्मन शिकली होती. हॅनाने तिला मुद्दाम वॉर्डमध्ये बोलावलं होतं. "त्याचंच त्याला वाचून दाखव. येईलही परत एखादा शब्द."

ऋजुता वाचू लागली. नदीवरची एक, मग बर्फावरची. आर्नोचे ओठ हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. घशातून घरघर तेवढी आली. त्याने डाव्या हाताने पुस्तक हिसकावलं, जमिनीवर आपटलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मर मग!" हॅना मराठीत ओरडली. पलीकडच्या बेडवरचा माणूस दचकून बघू लागला. "जन्मभर जे काय होतं ते सगळं त्या कवितांना दिलंस. माझ्यासाठी काय ठेवलंस रे?"

ती खुर्चीत बसली आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडू लागली. ऋजुताने खाली पडलेलं पुस्तक उचललं.

थोड्या वेळाने बेड करकरला. आर्नो मोठ्या कष्टाने कुशीवर वळला होता. त्याचा डावा हात चाचपडत हॅनाच्या खांद्यापर्यंत पोचला. ओठ पुन्हा हलले. जर्मन असेल म्हणून ऋजुता घाईने पुढे वाकली. पण तो बायकोकडे बघत होता, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या भाषेत, मराठीत बोलत होता.

"हॅना... तू... जेवला?"