इफ्राहची धाव

माझी नात इफ्राह निवडीच्या शर्यतीसाठी बाजारातून धावण्याचा सराव करायची. मोगादिशूत पोरगी धावताना दिसली की गोळीबार झाला असंच वाटतं. पहिल्या दिवशी अख्ख्या बाजाराने दुकानं बंद केली.

"मावशी, हिला आवरा. धंदा बुडवतेय आमचा," चहावाला अब्दुल्ले कुरकुरला.

हळूहळू सगळ्यांना सवय झाली. "पळ गं, नवरा पुढे निघून गेला," असं तिला चिडवत माणसं चहा पीत बसून राहायची.

आज ती शर्यत होती. वेळ झाली तरी ही बया एकेका दुकानात शिरून हळू आवाजात बोलत बसलेली. मी वैतागले, "अगं, पळ की मैदानाकडे."

 

"कशी पळू, आजी? नाक्यावर बंदूकवाले उतरलेत. मी पळाले तर यांच्यातलं कुणी जागचं हलणार नाही."