लाल फुली

स्वमग्न मुलांच्या शाळेतली ती सगळ्यात मोठी, एकोणीस वर्षांची. पण तोंडून शब्द फुटत नसे. गळ्यातल्या कडीत ओवलेली चित्रं हीच तिची वाचा. पेला दाखवला की पाणी, उशी दाखवली की झोप आणि लाल फुली दाखवली की नको. ही फुली दिवसभर बाईंच्या डोळ्यांपुढे नाचायची. मणी ओवायला नको, रंगवायला नको, रांगेत उभं राहायला तर मुळीच नको. बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी एक दिवस त्यांनी ती फुली कडीतून हळूच काढली आणि टेबलाच्या खणात टाकली.

जादूच झाली म्हणायची. पोरगी हूं की चूं न करता सांगाल ते करू लागली. "बाई, तुम्ही हिला माणसात आणलंत," म्हणताना तिच्या आईचे डोळे भरून आले.

आज शाळा सुटल्यावर बाई स्वतः तिला गाडीत बसवायला गेल्या. गाडीवाला नवा होता, पण बोलका.

"बाकीची पोरं डोकं खातात हो. ही मात्र गरीब गाय, कशालाच ना नाही. म्हणून तर हिला मी सगळ्यात शेवटी सोडतो."

बाई कौतुकानं हसल्या आणि त्यांनी गाडीचं दार लावलं. गाडी हलली तेव्हा त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. काचेमागे पोरगी कडीतली चित्रं भराभर उलटत होती. शेवटचं झालं, की पुन्हा पहिल्यापासून.