चौथ्या मजल्यावरचा आवाज

नाव कानात पडलं आणि पेडलवरचा तिचा पाय आपोआप उचलला गेला. हेडफोनमधला डॉक्टरांचा आवाज अर्ध्या वाक्यात थांबला.

डॉक्टर पेशंटबद्दल बोलून ठेवायचे, ती ऐकून टाइप करायची. तीन वर्षं हेच काम. कितीतरी नावं तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली होती. हे नाव मात्र तिच्या समोरच्या दारावर होतं.

तिनं पुन्हा पेडल दाबलं. 'वय चौतीस. एकटी राहते, शिवणकाम करते. लहानपणी घरात सततची मारहाण. निदान, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. उपचारांना चांगला प्रतिसाद.'

शेवटचं वाक्य तिनं टाइप केलं खरं, पण डोक्यात राहिलं ते त्याच्या आधीचं, मनाच्या आजाराचं ते लांबलचक नाव. आणि डोळ्यांपुढे आली सहा वर्षांची ठकू, तिची एकुलती एक लेक. संधी मिळाली की पोर समोरच्या दारात पळायची.

आता एकेक गोष्ट जुळायला लागली. ही शिलाईवाली कुणाच्या अध्यात ना मध्यात. भर उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत. दार कधी कडी लावून बंद नाही, नुसतं लोटलेलं. आणि इकडे ठकू नखं कुरतडायला लागली होती. गादी ओली करायची. ताटात पाणी सांडलं तरी दचकायची. परवा तर तिच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण भलत्याच रंगाच्या धाग्यानं शिवून आलं.

"हे कुणी शिवलं?"

"मावशीनं."

"तिला दाखवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

ठकूनं बटण मुठीत झाकलं.

संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा भेटले.

"काय सूनबाई, तुमच्या मजल्यावर कुस्त्या ठेवल्यात की काय? काल पुन्हा आदळआपट! या वयात मला कमी ऐकू येतं हे माझं नशीबच म्हणायचं."

ती हसली नाही. नुसती नजर वर, शिलाईवालीच्या दाराकडे नेली.

"ती?" आजोबांनी आवाज उतरवला. "अहो, गरीब गाय वाटते."

"वरून वाटते. मी सांगू नये, पण वेड्यांच्या डॉक्टरची औषधं चालू आहेत तिला. कागदावर आहे सगळं."

"अरे देवा! आणि तुमची पोर सारखी तिच्याकडे?"

"म्हणून तर जीव टांगणीला लागलाय हो."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. शाळा, डबा, कामाचा ढीग, दुखणीखुपणी, सगळं तिच्या एकटीच्या माथ्यावर. पोरीला ताप आला की ती कपाळावर हात ठेवून बसून राहायची. ठकूला काही झालं तर आपण जगायचो नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आजोबांच्या पोटात तीळ भिजत नसे. आठ दिवसांत बातमी सगळ्या इमारतीत फिरली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला बोलावून घेतलं.

"खालच्या दोन मजल्यांची तक्रार आहे. आदळआपट, किंचाळणं, भांडी फुटणं. तुम्ही तर अगदी समोरासमोर राहता. तुम्हाला ऐकू येत असेलच की."

"येतं," ती म्हणाली. सकाळपासून घसा बसला होता, शब्द धड फुटत नव्हता.

सेक्रेटरींनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "घाबरू नका. लेकुरवाळी बाई तुम्ही. मी आजच घरमालकाशी बोलतो."

घर सोडायला महिनाअखेरीची मुदत मिळाली. शिलाईवाली भांडली नाही, रडली नाही. कुणी काय सांगितलं, तेही तिनं विचारलं नाही. जायच्या दिवशी दुपारी मशीन टेम्पोत चढवून झाल्यावर ती ठकूच्या घराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, एक सांगू?"

"बोला." तिनं दाराची कडी हातात धरून ठेवली होती.

"ठकूला जेवताना घाई करू नका. घास अडकतो तिचा." शिलाईवालीनं कडीवरच्या हाताकडे पाहिलं. "आणि राग अनावर झाला ना, की मी हात गार पाण्याखाली धरते. शंभरपर्यंत मोजते. डॉक्टरांनीच सांगितलंय. खरंच उतरतो."

"हे मला कशाला सांगताय?"

"असंच."

शिलाईवाली जिना उतरून गेली. ठकूच्या आईनं दार लावलं आणि ती पाठ टेकून उभी राहिली. बघा, शेवटी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंन! राग अनावर होतो म्हणे. अशा बाईच्या घरात आपलं लेकरू तासन् तास बसत होतं.

शाळा सुटल्यावर ठकू घरी आली ती दप्तर पाठीवर ठेवूनच उभी राहिली.

"मावशीच्या दाराला कुलूप का आहे?"

"मावशी गेली, राणी. दुसरीकडे राहायला."

"परत कधी येणार?"

"कधीच नाही. आता कुणाला घाबरायचं नाही. आता फक्त तू आणि मी."

तिनं गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरले. ठकू मागे सरकली. भिंतीला टेकली. तिनं पलंगाखाली पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग आता तू मारायला लागलीस की मी कुठं पळू, आई?"