उंदरांचं वजन

“उंदरांचं वजन तोंडपाठ, आईचं इचारलं का?” भाकरी वाढताना दानम्मा नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. धाकटा शास्त्रज्ञ दीर संगमेश्वर अमेरिकेहून तीन वर्षांनी वडवणीला आला होता. रंगून सांगत होता, विषाणूची नांगी काढायची, त्यात औषधी जनुक भरायचं अन् कॅन्सरच्या गाठीत सोडायचा. प्रयोगातल्या उंदरांची वजनंसुद्धा ग्रॅममध्ये सांगत होता; एक उंदीर तर ठणठणीत झाला! पोटात तसलीच गाठ घेऊन सासूबाई लेकाकडं डोळे भरून बघत होत्या. वर्षभर त्यांना न्हाऊ घातलं, दर सोमवारी घरच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर तोललं दानम्मानं. त्यांच्या तोंडी नाव मात्र संगूचं. तिला राहवलं नाही. “भाऊजी, आत्याबाईंना सुई कवा टोचणार?” सासूबाई दानम्माच्या खांद्याला धरून उठल्या, लेकाची पाठ कुरवाळत म्हणाल्या, “कावून छळती गं त्याला? त्याचं औषिद माणसांपर्यंत येईस्तोवर मी काई राहत न्हाई.”